पाहुणा सूर

पाळकांनी शवपेटीसमोर "द्रष्टा" असा शब्द उच्चारला
तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
मीच.
क्वामिनाचा डावा डोळा लोखंडाच्या कपचीनं गेलेला,
उजव्यावर तारेनं बांधलेला चष्मा,
समोरून बस येते आहे की बर्फगोळ्याची गाडी
हे तो आवाजावरून सांगायचा.

लाव्हेंतिलच्या चढावर, नीरफणसाच्या सावलीत
तेलाची रिकामी पिंपं उलटी घालून बसायचा.
आधी घण, मग जाळ, मग छोटी हातोडी,
मग दिवसचे दिवस नुसता कान.
समोरच्या खिडकीतून मिस ऑर्डिना ओरडायची,
"अरे, मेलेल्या पिंपाला किती मारशील?"
तो मान वर न करता म्हणायचा,
"मेलेलं नाही. मुकं आहे."

स्टीलपॅनवर सूर बसवतात ते वाजवायला, हे पोरंही जाणतात.
यानं पिंपाच्या तळाशी, मधोमध,
लिंबाएवढी एक जागा घडवली
जिला काठी लावायचीच नाही.
बाकीचे वाजले की तिनं आपणहून गुणगुणायचं,
ओसरीवर टेकलेल्या पाहुण्यासारखं,
ज्याला कुणी काही विचारत नाही
पण आतलं सगळं ऐकू येतं.

पंचांनी गुण कापले. शेरा लिहिला: "वाद्यात दोष."
बँडनं अकराच्या अकरा पॅन परत पाठवले.
एकात मिस ऑर्डिनानं मिरच्या लावल्या.
चांगल्या आल्या.

तेच पंच आज पुष्पचक्र घेऊन, काळ्या कोटात घामेजलेले.
नगरपालिका चौकात पुतळा बसवणार आहे,
दोन्ही डोळे असलेला.
मग म्हणाले, एक मिनिट शांतता पाळू.

चौदा वर्षं मी त्याच्या हाताखाली होते,
त्यानं मला एक मिनिट शांतता पाळू दिली नाही.
"शांत म्हणतेस ते काय आहे, ऐक.
पत्र्यावर सरडा. खाली बंदरात क्रेन.
तुझं पोट. जेवली नाहीस का?"

एक गोष्ट मात्र कुणाच्या भाषणात आली नाही.
पॅन उतरतो.
उन्हानं उतरतो, वाजवण्यानं उतरतो,
नुसता टांगून ठेवला तरी उतरतो.
पूल बांधणारा गेला तरी पूल उभा असतो.
सूर लावणाऱ्याचं काम
त्याच्या मागोमाग निघतं,
केसाकेसानं.

त्याचा पुतण्या म्हणतो, शेवटचा पॅन काचेत ठेवू.
खाली पितळी पाटी, वर दिवा.
त्याच्या हाताचे ठोके आहेत त्यावर, हात लावू नका.
मी तो घरी आणला. चोरलाच म्हणा.
नऊ रात्री मांडीवर घेऊन बसले.
वरचा एक सूर आंबट झाला होता,
दुसरा त्याला बघून.
पाहुणा तर गप्पच.

ठोका मारावा तर त्याचा ठोका पुसतो.
न मारावा तर पॅनच पुसला जातो.
टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात,
घाव घालणाऱ्याचं काय होतं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी नीरफणसाखाली बसले
आणि त्याच्याच हातोडीनं
त्याची एक खूण मोडली.
मग दुसरी. मग डोळे पुसले, कारण दिसेना,
मग लक्षात आलं, दिसायची गरज नाही.

संध्याकाळपर्यंत कडेचे सगळे जागेवर आले.
मधला मुकाच.
फुंकर घातली, शिव्या दिल्या,
हातोडी गवतात भिरकावली.

तेवढ्यात खिडकी उघडली.
"अगं ए ज्वानेल, तूही त्याच्यासारखीच!
मेलेल्या पिंपाला किती मारशील?"

आणि पिंपाच्या तळाशी, लिंबाएवढ्या जागेत,
कुणीतरी हुंकार भरला.

मी श्वास धरून बसले.
मग म्हटलं, मिस ऑर्डिना,
परत ओरडा.